आधी जनावरं, मग माणसं: कृष्णाकाठच्या एका गल्लीचा प्रकरण अभ्यास

हे गाव मिरज तालुक्याच्या पश्चिम भागातलं, कृष्णेच्या काठावरचं. नाव मुद्दाम देत नाही. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून घरांची संख्या, नाती, काही बारकावे बदलले आहेत. मी मिरजेत राहून समाजकार्य करते. २०१९ च्या पुरानंतर या गावात माझं जाणंयेणं सुरू झालं, आणि २०२१ चा पूर येऊन गेल्यावरही ते थांबलं नाही. ज्या गल्लीबद्दल लिहिते आहे तिला गावात ‘खालची गल्ली’ म्हणतात. साधारण साठ घरं. शेतमजुरी करणारी, एक-दोन म्हशी राखून असलेली, काहींची नदीकडेला थोडी जमीन.

पार्श्वभूमी

कृष्णाकाठच्या माणसाला पुराचं नवल नाही. पावसाळ्यात इथे ‘आयर्विनला किती?’ हा प्रश्न ‘जेवलात का?’ इतक्या सहजपणे विचारला जातो. सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी. प्रत्येक गावाने या आकड्यांचं आपल्यापुरतं भाषांतर केलेलं असतं. कुठे घाटाची पायरी, कुठे पिंपळाचा पार. खालच्या गल्लीचा हिशेब २००५ च्या पुरावर बांधलेला होता. ‘पाच साली मारुतीच्या दुसऱ्या पायरीला टेकलं होतं, त्याच्या वर येत न्हाई,’ असं म्हातारी माणसं ठामपणे सांगायची.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गल्लीतला तो जुना हिशेब एका रात्रीत खोटा ठरला.

ते दिवस पंचमीचे होते, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. २०१९ ला नागपंचमी ५ ऑगस्टला होती. लेकी माहेरी आलेल्या, त्यांची पोरंबाळं बरोबर. म्हणजे गल्लीत नेहमीपेक्षा जास्त माणसं होती, आणि त्यातली बरीच लहान. पाणी चढू लागलं तेव्हा पुरुषमाणसं ‘संध्याकाळपर्यंत उतरंल’ म्हणत जनावरं दावणीला बांधून, लेकरं उचलून सोसायटीच्या इमारतीकडे गेली. पाणी उतरलं नाही. दोन रात्री त्या गच्चीवर काढल्या. कुणी गुऱ्हाळावरची काहील आणली, तिच्यात बसवून म्हाताऱ्यांना आणलं. काहिलीत गूळ शिजतो, माणसं वाहायला ती नाही. पण पुरात कृष्णाकाठी तीच नाव होते.

८ तारखेला ब्रह्मनाळची बातमी आली. लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली होती. आमच्या गावात ब्रह्मनाळशी सोयरीक असलेली घरं आहेत. गच्चीवर बोटीची वाट बघत बसलेल्या माणसांना फोनवर हे कळलं, आणि त्याच रात्री त्यांची बोट आली. अंधार, पाऊस, वरून भोंग्याची घोषणा. चढताना एक म्हातारी घसरून पाण्यात पडली. तिला लगेच वर ओढलं. गल्लीतलं माणूस कुणी गेलं नाही. सरकारी तक्त्यात या गल्लीपुढे जीवितहानीच्या रकान्यात शून्य आहे.

अडचण

त्या शून्यामुळे पुढचं सगळं झाकलं गेलं, असं मला आज वाटतं. आसपास इतकी मोठी दुर्घटना घडलेली असताना ‘तुमचं तर सगळं माणूस वाचलं’ हे वाक्य गल्लीला इतक्यांदा ऐकवलं गेलं, की त्यांनी बोलणंच बंद केलं.

सप्टेंबर २०१९ मध्ये शहरातून एक गट आला. चांगल्या मनाची तरुण मुलं होती. शाळेत सगळ्यांना गोल बसवून एकेकाला पुरात काय घडलं ते सांगायला लावलं. बायका रडल्या, एकीला रडताना बघून दुसरी रडली, आणि संध्याकाळच्या गाडीने गट परत गेला. त्या रात्री आणि पुढे आठवडाभर गल्लीत कुणी धड झोपलं नाही. आपत्तीनंतर सरसकट सगळ्यांना एकाच बैठकीत प्रसंग उगाळायला लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तसं केल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी त्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून बघत होते आणि थांबा म्हणाले नाही. पाहुण्यांना कसं बोलायचं, म्हणून.

पुढच्या पावसाळ्याआधी, जून २०२० मध्ये, गावात आलेल्या यांत्रिक बोटीचं घाटावर प्रात्यक्षिक ठेवलं होतं. कोरोनामुळे मोजकीच माणसं बोलावली होती, त्यांत खालच्या गल्लीची पंधरा-वीस. भोंगा वाजला आणि दोन बायका जागच्या जागी मटकन बसल्या. एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा घाट सोडून जो पळाला तो थेट वरच्या रस्त्यावर सापडला. ज्या म्हातारीला पाण्यातून काढलं होतं ती शांतपणे म्हणाली, ‘आता मला न्यायाचं असंल तर तिरडीवरच न्या. बोटीत बसायचं न्हाई.’ बाकीच्यांनी माना डोलावल्या.

गावाच्या समितीत या गल्लीवर शिक्का बसला: हेकेखोर. ‘सरकारनं बोट दिली, आता ह्यांना पालखी पाहिजे काय?’ असंही कुणी बोललं. पोलीस पाटलांचा मुद्दा मात्र रास्त होता. पाणी आल्यावर साठ घरं हलायला तयार नसतील तर काढायला जाणाऱ्यांचाही जीव धोक्यात येणार.

गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्तीने, म्हणजे आशाताईंनी, मला फोन केला तो याच सुमारास. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पाऊस लागला की बायका गाठोडी बांधून रात्रभर बसून राहतात. शाळेतली दोन-तीन मुलं अंथरूण ओलं करायला लागली आहेत. आणि एक जण, गल्लीतला मेहनती गडी, पूर ओसरल्यापासून दिवसा पितो. ‘ताई, ह्याला आजार म्हणायचं का, मला माहीत नाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण परत पाणी आलं तर ही माणसं मरतील.’

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय शिबिराचा. मानसोपचारतज्ज्ञांना मिरजेहून बोलवायचं, शाळेत एक दिवस तपासणी. हे करायला सगळे तयार होते, कारण त्याचा फोटो निघतो. माझाही कल सुरुवातीला याच्या सुधारित आवृत्तीकडे होता: घरोघर प्रश्नावली भरून घ्यायची, झोप, भीती, आठवणी, दचकणं याला गुण द्यायचे आणि जास्त गुण असलेल्यांना पुढे पाठवायचं. आशाताईंनी तो कागद हातात घेतला, उलटून पाहिला आणि परत दिला. ‘कागद दिसला की माणसं म्हणतात पंचनामा आला. मग तुम्ही जे विचाराल त्याला हो म्हणतील.’ पुरानंतरच्या सहा महिन्यांत या गल्लीने मेलेल्या म्हशीची गोष्ट तलाठ्याला, पशुवैद्यकाला, विमावाल्याला, बँकेला, दोन-तीन संस्थांना आणि वार्ताहरांना सांगितली होती. एक वहिनी म्हणाल्या, ‘म्हैस एकदाच मेली, पण मला ती धा वेळा मारायला लावली.’

दुसरा पर्याय पुनर्वसनाचा, म्हणजे गल्लीच उंचावर हलवणं. लोकांची खरी मागणी ही होती आणि आहे. पण जागा, मोजणी, मंजुरी हा वर्षांचा प्रवास, आणि पावसाळा दर वर्षी येतो.

तिसरा, सक्तीचा. ४० फूट झाले की पोलीस बंदोबस्तात गल्ली रिकामी करायची. नियमाने हे करता येतं. मात्र ज्या माणसांना एकदा रात्री, अंधारात, स्वतःच्या मर्जीविरुद्ध उचलून नेलं त्यांना पुन्हा तसंच नेलं, तर तिसऱ्या वेळी ती दार उघडणार नाहीत. हे मी मांडलं तेव्हा समितीतले एक जण म्हणाले, ‘मग त्यांना विचारत बसायचं काय?’ ते उपहासाने म्हणाले होते. आम्ही तेच करायचं ठरवलं.

चौथा पर्याय असा तयार झाला: उपचार बाजूला ठेवून गाव रिकामं करण्याची पद्धतच गल्लीबरोबर बसून नव्याने आखायची, आणि ज्यांना खरोखर डॉक्टरांची गरज आहे त्यांच्यासाठी आशाताई, आरोग्यसेविका आणि मिरजेचे डॉक्टर अशी गुपचूप वाट ठेवायची. आघाताची जाण ठेवून काम करण्याबद्दल अमेरिकेच्या ‘साम्हसा’ या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये सहा तत्त्वं मांडली आहेत: सुरक्षितता, विश्वास, समदुःखींचा आधार, बरोबरीने काम, निवडीचा हक्क, आणि संस्कृती-इतिहास-स्त्रीपुरुष भेद यांचं भान. प्रशिक्षणात ही तत्त्वं मी कितीतरी वेळा फळ्यावर लिहिली असतील. ती भोंग्याला, ट्रॉलीला आणि कडब्याला कशी लावायची ते मला खालच्या गल्लीत कळलं.

काय केलं

कोरोनामुळे २०२० चं बरंचसं वर्ष फोनवर गेलं. प्रत्यक्ष काम सुरू झालं ते जानेवारी २०२१ पासून, हळद काढणीच्या दिवसांत. बैठक बोलावली नाही. बायका जिथे कामाला असतील त्या शेताच्या बांधावर जाऊन बसायचं, हात चालवता आला तर चालवायचा. स्वतःला एक नियम घातला होता: ‘तेव्हा काय झालं?’ हा प्रश्न कुणी विचारायचा नाही. विचारायचं ते फक्त पुढचं. ‘परत पाणी आलं तर तुम्हाला सगळ्यात आधी काय पाहिजे?’

माझी अपेक्षा होती, उत्तर येईल लेकरं. किंवा कागदपत्रं. पहिल्या दिवशी चार जणींना विचारलं, चौघींनी एकच शब्द उच्चारला: जनावरं.

याचा उलगडा व्हायला तीन आठवडे लागले. एक आप्पा होते, सत्तरीचे. बांधावर येऊन बसायचे आणि काही न बोलता जायचे. एक दिवस स्वतःहून म्हणाले, ‘दावं कापायचं ऱ्हायलं.’ थांबले. ‘इळा हातात हुता. म्हटलं सांजच्याला येऊ की.’ गच्चीवर त्या पहिल्या रात्री गल्लीच्या दिशेने जनावरांचं हंबरणं ऐकू येत होतं. पहाटेपर्यंत ते थांबलं. ज्यांनी निघताना दावी कापली त्यांची काही जनावरं पोहून निघाली, पुढे कुठे कुठे सापडली. ज्यांनी बांधून ठेवली त्यांची दावणीलाच गेली. हे गल्लीत प्रत्येकाला माहीत होतं, कुणी कापलं आणि कुणी नाही तेही माहीत होतं, आणि दीड वर्ष त्यावर एक शब्द कुणी काढला नव्हता. दिवसा पिणाऱ्या त्या गड्याच्या तीन म्हशी होत्या.

तोपर्यंत आम्ही बोटीची भीती कशी काढायची याच विचारात होतो. आप्पांच्या त्या वाक्यानंतर सगळी साखळी उलटी दिसू लागली. माणसं बोटीला घाबरतात हे खरं. पण बोटीची वेळ येते कारण माणसं उशिरा निघतात, आणि उशिरा निघतात कारण जनावरं मागे सोडवत नाहीत. जनावरं लवकर हलली तर माणसं ट्रॉलीतून निघतील. ट्रॉलीला कुणी घाबरत नव्हतं.

मग कामाला दिशा आली. गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे. त्याचा एक तुकडा वरच्या गल्लीतल्या एका शेतकऱ्याचा. जनावरं बांधायला त्यांनी लगेच हो म्हटलं. शेजारच्या विहिरीवर खालच्या गल्लीच्या बायकांनी पाणी भरण्याचा विषय निघाला तेव्हा मात्र घरात विचारून सांगतो म्हणाले, आणि दोन आठवडे सांगितलंच नाही. गावात सलोखा आहे, तसाच हा भेदही आहे. निवृत्त गुरुजींनी मध्यस्थी केली. ते त्यांच्या घरी एकटेच गेले. काय बोलले ते आम्हाला कधी कळलं नाही. विहीर मिळाली. दूध संकलन केंद्राच्या चालकाने पुराच्या दिवसांत माळावर येऊन दूध घ्यायचं कबूल केलं. पावसाळ्यात उसाचं वाडं कुठलं मिळणार, म्हणून कडब्याच्या गंजी आधीच माळावर रचायच्या ठरल्या. कडब्यासाठी बचत गटाने पैसे काढले आणि वरच्या गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी वाहतूक केली. तालमीच्या पोरांचं हे पहिल्यांदाच खालच्या गल्लीत इतकं येणं झालं असेल.

पातळीच्या खुणा रंगवल्या. आयर्विनचा आकडा आणि गल्लीतली खूण अशी जोडी: ३५ फूट झाले की जनावरं निघणार, ४० होण्याआधी माणसं. भिंतीवर लिहिलेलं असल्यामुळे कुणी कुणाला ‘घाबरट’ म्हणायचा प्रश्न उरला नाही. निघायचं ठरवत होता तो आकडा.

भोंग्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. बायकांचं म्हणणं, रात्री गल्लीत भोंगा नको. पोलीस पाटील म्हणाले, इशारा देणं माझी जबाबदारी, उद्या कुणी म्हणालं कळवलंच नाही तर? दोघांचंही बरोबर होतं. शेवटी ठरलं की आधी दारं ठोठावायची, मग भोंगा. बचत गटाच्या दोघी आणि तालमीतले दोघे प्रत्येक दारात जातील आणि ठरलेली तीनच वाक्यं बोलतील: पाणी किती आहे, आपण कुठे जाणार आहोत, बरोबर कोण आहे. त्यानंतर भोंगा वाजेल हेही सांगतील. कानावर येणारा आवाज आधी माहीत असला तर छाती तेवढी धडधडत नाही. हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही, पण २०१९ मध्ये ते कुणाला सुचलं नव्हतं.

बोट बाजूला टाकली नाही. मार्चमध्ये पाणी संथ असताना ती घाटाला दोरानं बांधून ठेवली. कुणाला ‘बस’ म्हणायचं नाही, एवढंच ठरवलं. पहिले दोन दिवस नुसती पोरं तिच्यात उड्या मारत होती. मग पोरांना हाका मारायला आलेल्या आया काठावर टेकल्या. आठवड्याभरात दहा-बारा जणी बांधलेल्या बोटीत बसून आल्या, पाच-सहा जणी पलीकडे जाऊन आल्या. घाट सोडून पळालेला मुलगा इंजिनाजवळ बसायला मिळेल या अटीवर तयार झाला. म्हातारी शेवटपर्यंत बसली नाही. तिचं नाव पहिल्या ट्रॉलीच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं.

आणि रात्रीचं जागरण. माझ्या वहीत ते लक्षण म्हणून लिहिलेलं होतं: अतिसावधपणा, झोपेचा अभाव. एका वहिनींनी त्याचं काय करायचं ते सांगितलं. ‘साठ घरं जागी ऱ्हात्यात, त्यापरीस दोन घरं जागू देत की.’ त्यातून पाळी ठरली. मोठ्या पावसाच्या रात्री दोन घरं जागी, बाकीची झोपणार. ज्यांची पाळी त्यांच्या ओसरीवरचा दिवा चालू. दिवा दिसला की बाकीच्यांनी डोळे मिटायचे. आशाताई म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात दिवा चालू असूनही निम्म्या घरांत माणसं जागीच होती. मग हळूहळू झोपायला लागली.

उपचारांची वाट शांतपणे चालू होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेतली तीन कामं, म्हणजे पाहा, ऐका, जोडा, आशाताई आणि आरोग्यसेविकेबरोबर आम्ही दोन दुपारी बसून घोटली. बहुतेक माणसं वेळ आणि आधार मिळाला की सावरतात. महिना उलटूनही झोप, काम, घर यांवर परिणाम राहिला तर मात्र डॉक्टर. गल्लीतून तिघांना मिरजेला पाठवलं. दिवसा पिणाऱ्या भाऊंनी पहिल्यांदा नकार दिला. आम्ही मागे लागलो नाही. पण घरात कीटकनाशकाचे डबे कुठे असतात ते आशाताईंनी वहिनींना विचारून घेतलं आणि ते दिरांच्या घरी कुलपात गेले. कडबा रचायच्या दिवशी भाऊ माळावर आले, दिवसभर गंजी रचली, आणि निघताना माझ्याशी न बोलता आशाताईंना म्हणाले, ‘मंगळवारी असत्यात न्हवं डाक्टर?’

जुलै २०२१

आषाढी २० तारखेला झाली. २२ आणि २३ ला कोयनेच्या खोऱ्यात पाऊस असा कोसळला की पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी आल्या. कृष्णेचं पाणी २०१९ पेक्षा वेगाने चढू लागलं. मी त्या दिवसांत गावात नव्हते, सांगलीत अडकले होते. पुढचं फोनवरून आणि नंतर ऐकून लिहिते आहे.

जनावरं ठरल्याप्रमाणे निघाली. ३५ ची वाटही कुणी बघितली नाही. २२ च्या संध्याकाळी पहिली म्हैस माळावर होती. माणसांचं मात्र गणित चुकलं. ज्यांचा ट्रॅक्टर ठरला होता ते नदीकाठच्या पाणी उपसायच्या मोटारी काढायला गेले होते. सगळा कृष्णाकाठ त्या दिवशी मोटारी काढत असतो, हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. एकाच ट्रॅक्टरने फेऱ्या मारल्या. म्हातारी पहिल्या फेरीत गेली. शेवटी सात घरं मागे राहिली आणि रस्त्यावर पाणी आलं. २४ च्या पहाटे त्यांना बोटीनेच काढावं लागणार होतं.

आप्पा त्या सात घरांत होते. दार उघडून उभे राहिले आणि पुढे पाऊल टाकेनात. तालमीतल्या पोराने बळजबरी केली नाही. त्याने माळावरच्या मित्राला फोन लावला. मित्राने आप्पांच्या गाईचा व्हिडिओ पाठवला: कडबा खाताना, गळ्यातलं दावं दिसेल असा. आप्पांनी तो दोनदा बघितला, विळा कमरेला खोचला आणि बोटीत बसले. एक वहिनी डोळ्यांवर पदर ओढून दोन जावांच्या मध्ये बसल्या. भोंगा वाजला, आधी सांगून.

आयर्विनला पाणी २५ तारखेच्या सुमारास ५४ फुटांच्या वर गेलं.

निष्पत्ती

गल्लीतलं एकही माणूस गेलं नाही, आणि या वेळी एकही जनावर दावणीला गेलं नाही. माळावर छप्पर नव्हतं. दोन वासरं पावसात आजारी पडली, त्यातलं एक मेलं. रस्ता बुडाल्यामुळे दूध संकलन दोन दिवस बंद राहिलं, तेव्हा बायकांनी छावणीतल्या लेकरांना दूध वाटून टाकलं.

छावणी शाळेतच होती. या वेळी वर्ग कुटुंबांनुसार वाटले होते, एक खोली फक्त बायकांची, आणि रात्री दिवे कधी बंद होणार ते फळ्यावर लिहिलेलं. नुकसानीची माहिती एकदाच सांगायची, ती आशाताईंच्या वहीत लिहायची आणि तिथूनच सगळ्यांनी घ्यायची, असं ठरलं होतं. हे निम्मंच जमलं. तलाठ्यांनी यादी वापरली, रांगेत उभं करून नावं पुकारली नाहीत. पण प्रत्यक्ष पंचनामा लागतोच, आणि बाहेरच्या संस्थांनी आपापले अर्ज आणलेच.

भाऊंचं पिणं कमी झालं, थांबलं नाही. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांपैकी दोघांचं २०२१ च्या पुरानंतर काही दिवस परत सुरू झालं आणि दिवाळीपर्यंत गेलं. जागरणाची पाळी अजून चालते. पुनर्वसनाची मागणी अजून तिथेच आहे, आणि आमच्या कामाचा एक वाईट उपयोग झाला तो असा: ‘आता तर ह्यांची व्यवस्था चांगली झाली’ असं एका बैठकीत त्या मागणीविरुद्ध बोललं गेलं. याचा अंदाज मला आधी यायला हवा होता.

वेगळं काय करता आलं असतं

ट्रॅक्टरचा घोळ टाळता आला असता. दोन पर्यायी ट्रॅक्टर, आणि तेही नदीकाठी जमीन नसलेल्या माणसांचे. ही गोष्ट कुठल्याही शेतकऱ्याने पाच मिनिटांत सांगितली असती. आम्ही बायकांशी खूप बोललो, पुरुषांशी उशिरा आणि कमी. भाऊंपर्यंत पोचायला वर्ष लागलं ते त्यामुळेच.

गल्लीच्या टोकाला भाड्याने राहणारी दोन घरं होती, कर्नाटकातून कामाला आलेली. ती बचत गटात नव्हती म्हणून पाळीत नव्हती, आणि पाळीत नव्हती म्हणून दार ठोठावायच्या यादीत नव्हती. २३ च्या रात्री त्यांचं दार कुणी वाजवलं नाही. शेजारच्या दिव्याची हालचाल बघून ती आपणहून निघाली. ‘समुदायाने ठरवलं’ असं आम्ही अभिमानाने म्हणत होतो तेव्हा समुदायात कोण मोजलं जातंय ते तपासलं नाही.

टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. आमच्या वेळी ती असती तर रात्रीचे काही फोन तिकडे वळवता आले असते. ते सगळे फोन आशाताईंना जात होते.

आणि त्यांच्याबद्दलच सगळ्यात मोठी चूक. आशाताईंचं घरही खालच्या गल्लीत आहे. २०१९ ला त्यांचंही घर पाण्यात होतं, त्याही त्या गच्चीवर होत्या. त्यांना तेव्हा मोबदला मिळायचा तो मुख्यतः कामागणिक, आणि रात्री दोन वाजता कुणाच्या तरी ओसरीवर बसून राहण्याचं काम त्या यादीत नव्हतं. तीन वर्षांत मी त्यांना शेकडो वेळा फोन केला. गल्ली कशी आहे, भाऊ गोळ्या घेतात का, म्हातारी झोपते का. २०२२ च्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसाच्या संध्याकाळी त्यांचा फोन बंद लागला. मी घाबरून बचत गटातल्या वहिनींना लावला.

‘ताई माहेरी गेल्यात, तासगावला,’ वहिनी म्हणाल्या. ‘आम्हीच धाडलं. पावसात त्यांना हितं झोप लागत न्हाई. आज त्यांच्या वाटणीची पाळी माझी हाय.’